आधी नाव तुमच्या नावावर करा

पत्र: गेली सात वर्षं मी शिलाई मशीन दुरुस्तीबद्दल फोटोंच्या एका ॲपवर लिहिते. साडेचारशेच्या वर पोस्टी आणि बावीस हजार फॉलोअर आहेत. दोन महिन्यांपूर्वी एका सकाळी खातं उघडेचना. 'नियमांचा भंग झाला आहे' एवढंच दिसायचं. कोणता नियम, हे कुणीच सांगितलं नाही. सोळा दिवसांनी खातं गेलं तसंच अचानक परत आलं. पण तेवढ्यात कुणीतरी माझाच फोटो आणि एका अक्षराच्या फरकाने माझंच नाव लावून दुसरं खातं उघडलं. 'जुनं बंद पडलंय, आता इथे या' असं सांगून त्याने लोकांकडून सुट्या भागांचे आगाऊ पैसे घेतले, आणि आता लोक भाग मागायला माझ्याकडे येतात. भाचा म्हणतो, 'मावशी, स्वतःची वेबसाइट काढ, मी करून देतो.' पण तिथे येणार कोण? मला कोडिंग येत नाही, वय त्रेपन्न आहे. आणि वेबसाइट काढली म्हणजे खरी मीच, हे सिद्ध कसं होतं? सोबत माझी एक पोस्ट जोडली आहे. ती शोधायला मलाच वीस मिनिटं लागली.
– गुंतलेला दोरा

नमस्कार. टोपणनाव झकास निवडलंत. तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण खरा प्रश्न तोच आहे.

त्या सोळा दिवसांचा हिशेब पुन्हा मांडून पाहा. खातं परत मिळालं, पोस्टी परत मिळाल्या, माणसंही बहुतेक तिथेच होती. मग गेलं काय? 'मी इथे आहे, आणि ती मी नाही' हे सांगायला सोळा दिवस तुमच्याकडे जागाच नव्हती. तोतया बोलत होता आणि तुमच्या तोंडाला कुलूप होतं. ज्यांनी पैसे दिले त्यांना भोळे म्हणू नका. फोटो तुमचा, नाव जवळजवळ तुमचं, आणि खातरजमा करायला दुसरं कुठलं दार त्यांना माहीत नव्हतं.

वेबसाइट काढली की तुम्ही आपोआप खऱ्या ठरता का? नाही. उद्या तोही एक काढेल, अर्ध्या तासाचं काम आहे. अडचणीच्या दिवशी घाईघाईने काढलेली तुमची साइट आणि तोतयाची साइट लोकांना सारखीच दिसणार. पत्त्याला वजन येतं ते वापराने. आज पत्ता घेतलात आणि वर्षभर प्रत्येक पोस्टीखाली, प्रत्येक बिलावर, व्हिडिओच्या शेवटी तो लावलात, तर खातं पुन्हा बंद पडेल त्या दिवशी लोक आपण होऊन तिथे जातील. म्हणून हे काम खातं चालू आहे तोवरच करायचं. म्हणजे आत्ता.

पुराव्याला थोडी तांत्रिक बाजूही आहे, सोपी आहे. साइटवर तुमच्या खात्याची लिंक द्या आणि खात्यावर साइटची. तोतया स्वतःच्या खात्यावर तुमच्या साइटची लिंक खुशाल लावेल, पण तुमच्या साइटवर स्वतःच्या खात्याची लिंक त्याला लावता येणार नाही. मॅस्टोडॉन नावाचं समाजमाध्यम नेमकं हेच तपासतं. साइटवरच्या लिंकमध्ये 'रेल-मी' नावाची एक छोटी खूण घातली, की तिथल्या खात्यावर तुमच्या पत्त्याशेजारी हिरवी बरोबरची खूण येते. ब्लूस्काय या दुसऱ्या समाजमाध्यमावर तर तुमचं डोमेनच, म्हणजे साइटच्या पत्त्याचं नावच, खात्याचं नाव म्हणून लावता येतं. तुमच्या ॲपवर यातलं काही नसलं तरी अडत नाही, कारण दोन्हीकडच्या लिंका माणसांनाही वाचता येतात. साइटवर वरच, ठसठशीत लिहा: माझी सगळी खाती या पानावर आहेत, जे इथे नाही ते माझं नाही.

आता 'स्वतःची' या शब्दाकडे येऊ. या विषयावर बोलणारा जो तो भाड्याच्या घराची उपमा देतो. ॲप म्हणजे भाड्याची खोली, वेबसाइट म्हणजे स्वतःचं घर, वगैरे. मला ती कधी पटली नाही, कारण डोमेनही कुणी कायमचं विकत देत नाही. डॉट कॉम, डॉट ऑर्गसारखं नाव तुम्ही फक्त नोंदवता, तेही एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी. मुदत संपली आणि पैसे भरले नाहीत की नाव गेलं. तेव्हा भाडं दोन्हीकडे आहे. फरक कराराचा आहे. या नावांचे नियम आयकॅन ही १९९८ साली स्थापन झालेली संस्था ठरवते. ज्या कंपनीकडे नाव नोंदवलंत, तिला रजिस्ट्रार म्हणतात. ती आवडेनाशी झाली, तर तेच नाव घेऊन दुसरीकडे जाता येतं, मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलावी तसं. साइट ज्या सर्व्हरवर ठेवली आहे तो बदलला तरी पत्ता तोच राहतो, वाचणाऱ्याला पत्ताही लागत नाही. (कोटी सुचली, राहू दे.)

ॲपवरच्या तुमच्या नावाला यातलं काहीच लागू नाही. ट्विटरने २०२३ साली स्वतःचं नाव 'एक्स' केलं, तेव्हा त्या एका अक्षराचं खाते-नाव कित्येक वर्षं वापरणारा एक माणूस होता. कंपनीने ते त्याच्याकडून सरळ काढून घेतलं, मोबदला न देता. त्याने काही गुन्हा केला नव्हता. नाव कंपनीचं होतं, तिला लागलं, तिने घेतलं.

तर भाच्याला 'हो' म्हणा, पण एका अटीवर. डोमेन तुमच्या नावावर, रजिस्ट्रारकडचं खातं तुमचं, पासवर्ड तुमच्याकडे, पैसे तुमच्या कार्डावरून. साइट त्याने रंगवावी, मोडावी, पुन्हा बांधावी, त्याला मोकळीक आहे. नाव मात्र त्याच्या खात्यात 'तात्पुरतं' म्हणूनही नको. मुलगा गुणी असेल, पण तो उद्या कामात बुडेल, ईमेल बदलेल, आणि तीन वर्षांनी नूतनीकरणाची आठवण कुणीच न उघडणाऱ्या एखाद्या इनबॉक्समध्ये जाऊन पडेल.

हे एवढ्या ठामपणे सांगते आहे, कारण माझी स्वतःची फजिती झालेली आहे. माझं डोमेन माझ्याच नावावर होतं आणि त्याचा मला कोण अभिमान! रजिस्ट्रारकडे संपर्कासाठी दिलेला ईमेल मात्र त्याच डोमेनवरचा होता. दिसायला रुबाबदार. पुढे कार्डाची मुदत संपली आणि आपोआप होणारं नूतनीकरण फसलं. नियमाप्रमाणे रजिस्ट्रारला मुदतीच्या साधारण महिनाभर आधी आणि आठवडाभर आधी अशा दोन आठवणी पाठवाव्या लागतात. त्या आल्या होत्या. मी जाहिराती समजून न उघडताच सारल्या. तिसरी आठवण मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत पाठवायची असते. ती मला मिळालीच नाही, कारण तोवर डोमेन थांबलं होतं, आणि डोमेनबरोबर ईमेलही. साइट का दिसत नाही म्हणून महिना-दीड महिन्याने मी भानावर आले, रजिस्ट्रारच्या पानावर गेले आणि 'पासवर्ड विसरलात?' दाबलं. नवा पासवर्ड कुठे पाठवला म्हणून सांगितलं असेल? त्याच बंद पडलेल्या इनबॉक्सात. पेटीची किल्ली पेटीत.

डॉट कॉमचं नाव रजिस्ट्रारने हटवलं तरी ते लगेच बाजारात येत नाही, आधीच्या नोंदणीदाराला सोडवून घ्यायला ३० दिवस मिळतात. मी ओळखपत्रांच्या प्रती पाठवत आणि वर्षाच्या फीच्या कितीतरी पट रक्कम मोजत त्यातल्या सव्विसाव्या दिवशी ते सोडवलं. आणखी थोडा उशीर झाला असता, तर आज माझ्या नावाच्या पत्त्यावर कुणी जुगाराची जाहिरात लावली असती आणि मला काही म्हणता आलं नसतं.

तेव्हा रजिस्ट्रारला वेगळा ईमेल द्या, जो या डोमेनवर अवलंबून नाही. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. नोंदणी एकदम चार-पाच वर्षांची करा. नोंदणीत तुमचा पत्ता आणि फोन नंबर उघड दिसणार नाही, याची सोय रजिस्ट्रारकडे आहे ना, तेही आधी विचारा. तुमच्या नावाने एकदा फसवणूक झालेली आहे, तोतयाला आणखी माल पुरवू नका.

नाव कोणतं? तुमचं, किंवा ज्या नावाने लोक ओळखतात ते. 'शिलाई-मशीन-डॉक्टर' छाप काही नको, उद्या तुम्ही घड्याळांकडे वळलात तर पंचाईत. देवनागरीतही नाव घेता येतं, पण तो पत्ता कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की बऱ्याचदा 'एक्सएन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारी एक अगम्य माळ होते आणि लोकांना ती व्हायरसची लिंक वाटते. घ्यायचंच तर जोडीला रोमन अक्षरांतलं घ्या. शेपटीसुद्धा, म्हणजे डॉट कॉमसारखा शेवटचा भाग, साधी निवडा. दोन अक्षरी शेपट्या देशांच्या किंवा प्रदेशांच्या असतात आणि त्यांचे नियम तिथलेच. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, संघाचे नागरिक किंवा रहिवासी नसलेल्या तिथल्या अनेकांची डॉट ईयू (युरोपीय संघाची शेपटी) नावं २०२१ साली बंद पडली आणि पुढे रद्द झाली. त्या बिचाऱ्यांनी फीसुद्धा वेळेवर भरली होती.

साइट कशावर बांधायची, यावर भाचा तासभर बोलेल. बोलू द्या. मी स्वतः साध्या मजकूर-फायलींमधून पानं बनवणारं ह्यूगो वापरते आणि माझा त्यावर जीव आहे, पण तुम्हाला वर्डप्रेस सुचवेन. ते २००३ पासून चालू आहे, मुक्त सॉफ्टवेअर आहे, आणि सगळा मजकूर एका फायलीत बाहेर काढून दुसरीकडे नेता येतो. खरी परीक्षा वेगळी आहे. भाच्याला शेजारी बसवा, हात मागे बांधायला लावा, आणि एखाद्या पानावरची ऱ्हस्व-दीर्घाची चूक एकट्याने दुरुस्त करून दाखवा. जमलं तर साइट तुमची. नाही जमलं तर तो गावाला गेला की साइट मुकी. कोडिंग मात्र लागत नाही. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या खुणेसाठी लागणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था फुकट देते, त्याचे वेगळे पैसे कुणी मागितले तर जरा थांबा.

'तिथे येणार कोण?' पहिले काही महिने जवळजवळ कुणीच नाही. हे भाचा सांगणार नाही, म्हणून मी सांगते. रोजच्या आकड्यांची सवय झालेल्या माणसाला ते फार लागतं.

पण तुम्ही पाठवलेली पोस्टच घ्या. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता होतो, तेव्हा सगळे बॉबिनला बोल लावतात. शटल उघडतात, तेल सोडतात, सुई बदलतात. चूक बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असते. कापड दाबून धरणारा फूट खाली असताना दोरा ओवला, तर टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यामध्ये बसतच नाही, मग त्याला ताण मिळत नाही आणि तो सैल होऊन खाली साचतो. फूट वर उचला, दोरा काढून पहिल्यापासून ओवा, झालं. हे वाचून मी माळ्यावरचं मशीन खाली काढलं. दोन वर्षं 'बिघडलेलं' होतं ते. पाच मिनिटांत चालू झालं. (तुमची फी कळवा.)

ही पोस्ट ॲपवर टाकलीत तेव्हा दोन दिवस गाजली असेल. तिसऱ्या दिवशी ती खाली सरकली आणि आता तुम्हालाच सापडत नाही. कारण ॲप चालतं ते 'आज काय' यावर. बावीस हजारांपैकी त्या दोन दिवसांत मशीन अडलेलं होतं असे कितीजण असतील? आणि ज्या बाईचं मशीन आज रात्री अकरा वाजता अडलं आहे, उद्या सकाळी कपडे द्यायचे आहेत, ती तुमची फॉलोअर नाही. तिला तुम्ही कोण हेही माहीत नाही. ती शोधपट्टीत लिहिते, 'मशीनला खालून दोरा गुंततो'. तुमच्या माहितीचं स्वतःचं पान असेल, त्याला स्वतःचा न बदलणारा पत्ता असेल, आणि मथळ्यात तिच्याच तोंडचे शब्द असतील, तर ती तुमच्यापर्यंत पोहोचू शकते. ॲपमधली पोस्ट बहुधा आधी 'लॉगिन करा' म्हणणार. तुमचा विषय असा आहे की पाच वर्षांपूर्वीचं उत्तर आजही जसंच्या तसं लागू पडतं. बातम्यांवर किंवा विनोदांवर लिहीत असतात, तर मी कदाचित वेबसाइटचा एवढा आग्रह धरला नसता.

'मशीन कसं निवडावं'पेक्षा 'उलटं चाक फिरवल्यावर सुई वर येत नाही' असल्या मथळ्यांची पानं करा. एका पानावर एकच दुखणं. फोटोखाली त्यात काय दिसतं ते एका ओळीत लिहा, कारण शोधयंत्राला आणि दृष्टिहीन वाचकाला फोटो असाच कळतो. पानाचा पत्ता एकदा ठरला की बदलू नका. बदलावाच लागला, तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमची वळण-पाटी लावून घ्या. भाच्याला 'तीनशे एक' म्हणालात की कळेल.

ॲप सोडायचं नाही. तिथे तुमची माणसं आहेत, आणि रुसून निघून गेल्याने ॲपचं काही बिघडणार नाही. फक्त क्रम उलटा करा: आधी स्वतःच्या साइटवर, मग त्याचा तुकडा आणि लिंक ॲपवर. इंडीवेब नावाची मंडळी २०११ पासून याच पद्धतीचा पाठपुरावा करत आहेत. एक ईमेल-यादीही सुरू करा, महिन्यातून एक पत्र पुरे. यादीतले पत्ते तुमच्याकडे फायलीत राहतात. त्या सोळा दिवसांत अशी तीनशे माणसांची यादी असती, तर पहिल्याच संध्याकाळी तोतयाचा धंदा आवरला असता.

जुन्या पोस्टी आणायच्या तर ॲपच्या सेटिंगमध्ये 'तुमची माहिती डाउनलोड करा' अशा अर्थाचं काहीतरी असतं. साइटचं पुढे काय व्हायचं ते होवो, हे आजच करा, खातं पुन्हा अडकायच्या आत. तिथे दोन प्रकार विचारले, एचटीएमएल आणि जेसन, तर आधी एचटीएमएल घ्या. काही ॲपांच्या जेसन फायलीत देवनागरीचा चुराडा झालेला असतो. 'सुई' शोधायला जाल आणि तिरक्या रेघा, रोमन अक्षरं आणि शून्यांच्या रांगा सापडतील. दुरुस्त होतं ते, पण त्यात भाच्याचा एक रविवार जाईल. साडेचारशेच्या साडेचारशे हलवायची गरज नाही. लोक पुन्हा पुन्हा विचारतात अशा तीसेक उचला, फोटो मूळ कॅमेऱ्यातले घ्या, ॲपने दाबून बारीक केलेले नकोत.

आणि वेबसाइट अमर असते असं समजू नका. मोठ्या कंपन्यांच्या जागा तर बंद पडतातच: जिओसिटीज २००९ मध्ये गेलं, ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला, गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये, आणि मायस्पेसने तर २०१९ साली कबूल केलं की सर्व्हर हलवताना लोकांची बारा वर्षांची गाणी हरवली. ही यादी वेबसाइटवाले मोठ्या उत्साहाने वाचून दाखवतात. एकेकट्या माणसांच्या साइटी त्याहून गुपचूप मरतात, कंटाळ्याने किंवा न भरलेल्या फीने, आणि त्यांच्या तारखा कुणी लिहून ठेवत नाही. म्हणून मजकुराची आणि फोटोंची एक प्रत घरच्या डिस्कवर ठेवा, आणि महत्त्वाची पानं इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जतन करून ठेवा. पत्ता टाकायचा, बटण दाबायचं, एवढंच काम आहे.

तोतयाच्या खात्याची तक्रार केली असेलच. पैसे गेलेल्यांना तुमच्या बाजूचा घटनाक्रम तारखांसह एका पानावर लिहून द्या. साइटवरचं ते पहिलं पान झालं तरी चालेल. दुसरं पान गुंत्याचं करा. फक्त त्यातला मधला फोटो पुन्हा काढा, तुमच्या अंगठ्याने फूट झाकला गेलाय आणि वर आहे की खाली ते कळत नाही. झालं की लिंक पाठवा. माझ्या बहिणीचंही एक मशीन असंच बिघडलेलं आहे.